सांगलीत एमबीबीएस झालंय, पीजीच्या रँकवर रेडिएशन ऑन्कोलॉजी (किरणांनी कॅन्सरवर उपचार) मिळतंय. कॉलेज कसं निवडू?

शहर नंतर, आधी मशीन बघा. लिनॅक (विजेवर किरण तयार करणारं मशीन) आहे का, की नुसतं कोबाल्ट (किरणोत्सर्गी सोर्सवर चालणारं मशीन)? कोबाल्ट-60 चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं. सोर्स जुना झाला की किरण कमी पडतात आणि प्रत्येक पेशंटला टेबलावर जास्त वेळ ठेवावं लागतं. आयएमआरटीवर (गाठीच्या आकाराप्रमाणे किरण कमीजास्त करून देण्याची पद्धत) हात बसायला तर लिनॅक हवाच.

माझ्या मते त्याहून महत्त्वाची ब्रेकीथेरपी, म्हणजे शरीराच्या आत गाठीजवळ सोर्स ठेवून किरण देणं. आपल्याकडच्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर अजून बराच दिसतो, आणि बळावलेल्या आजारात तिच्याशिवाय उपचार अपुरे राहतात. दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला गाठून थेट विचारा: अ‍ॅप्लिकेटर (सोर्स आत नेणारी नळी) तुम्ही स्वतः बसवता की मागे उभे राहून बघता? कंटूरिंग (स्कॅनवर गाठ आणि आसपासचे अवयव आखणं) केल्यावर कोणी शेजारी बसून स्कॅनची एकेक स्लाइस तपासतं का? याचं उत्तर ‘सर सही करतात’ असं आलं, तर ती जागा मी यादीत खालीच ठेवेन.

फिजिसिस्ट (मशीन आणि किरणांच्या डोसचं गणित बघणारे) शिकवतात का, तेही विचारा. डीएनबीला (एमडीच्या तोडीची पीजी पदवी) कमी लेखू नका. तीही तीन वर्षांची, आणि चांगल्या खासगी सेंटरला मशीन अनेकदा नवी असतात. मुंबईत टाटा कॅन्सर हॉस्पिटलला मिळत असेल तर विचारच करू नका, जा. शिकून मिरजेला परत या मात्र. इथे सांगली-साताऱ्याचेच नाही, कर्नाटकातलेही पेशंट येतात.