टेम्पररी कव्हरचं सर्टिफिकेट नेमकं कशाचं?

प्रश्न: आमच्या बिल्डिंगचं फिनिशिंग चालू आहे, पुट्टी, रंग, टाइल्स सगळं एकदम. फ्लॅटमधले डीबी (वीज वाटपाचे बॉक्स) भिंतीत बसवलेत पण पुढची प्लेट आणि दरवाजा लावला नाही, रंगवाले खराब करतात म्हणून. सध्या प्लायचा तुकडा बाइंडिंग वायरने बांधतो. आता एक सप्लायर प्लास्टिकचे टेम्पररी कव्हर देतोय, म्हणतो 'आयपी 44, व्ही-0, फुल सर्टिफाइड'. घ्यावेत का?
— साईट सुपरवायझर, चाकण

उत्तर: आधी ती बाइंडिंग वायर काढा, आजच, पण मेन बंद करून मगच हात लावा. उघड्या बसबारजवळ (डीबीतल्या वीज वाहणाऱ्या पट्ट्यांजवळ) लोखंडी तार ठेवायची म्हणजे आपणच अपघात बांधून ठेवतोय.

आता सर्टिफिकेटचं. व्ही-0 हे फक्त प्लास्टिकचं रेटिंग आहे, उभ्या तुकड्याला ज्योत लावून काढली की 10 सेकंदांच्या आत आग विझते एवढंच ते सांगतं, कव्हर डीबीवर घट्ट बसतं का, धक्क्याने निघतं का, याच्याशी त्याचा काहीएक संबंध नाही. आयपी म्हणजे बाहेरची वस्तू आणि पाणी आत जाऊ न देण्याचं रेटिंग. आयपी 44 मधला पहिला 4 म्हणजे 1 मिमीची तार आत जाणार नाही, दुसरा 4 म्हणजे कुठूनही पाणी उडालं तरी आत त्रास होणार नाही. पण ही टेस्ट होते ती बॉक्स, कव्हर, ग्लँड (केबल आत येते तिथली घट्ट पकड) असं सगळं जोडून! एकट्या कव्हरला आयपी 44 म्हणणं मला तरी पटत नाही, तुमच्या डीबीला वरून नॉकआउट (केबलसाठीची भोकं) उघडे असतील तर ते 44 तिथेच संपलं.

म्हणून सप्लायरकडे ब्रोशर नको, टेस्ट रिपोर्ट मागा. लॅब एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यतेची आहे का, रिपोर्टवरचा मॉडेल नंबर आणि कव्हरवरचा नंबर एकच आहे का, आणि टेस्ट कुठल्या बॉक्सवर बसवून केली हे बघा. नुसत्या सीई या युरोपच्या मार्कवर जाऊ नका, तो बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) मार्क नाही.

आणि खरं सांगू का, रिपोर्ट अगदी पक्का निघाला तरी ते कव्हर पुट्टी आणि धुळीसाठीच समजा. हाताने किंवा एका स्क्रूने निघणारं कव्हर लावून आत सप्लाय चालू ठेवणं मला मान्यच नाही, कारण ग्राइंडरवाल्याला पॉइंट हवा असला की तो कव्हर काढून एमसीबीला (डीबीतल्या सुरक्षा स्विचला) उघडी वायर खोचणार, हे मी कितीतरी साईटवर बघितलंय, आणि त्या पोराची चूक म्हणता येत नाही, त्याला प्लग पॉइंट आपण दिलेलाच नसतो.

फ्लॅटचे डीबी फिनिशिंग होईपर्यंत बंद ठेवा, मजल्यावरून येणारी लाइन आयसोलेट करून कुलूप लावा. कामासाठी प्रत्येक मजल्यावर वेगळा साईट डीबी द्या. त्यासाठी आयएस/आयईसी 61439 या मानकाचा भाग 4 आहे, खास बांधकाम साईटच्या पॅनलसाठीच, त्यात दरवाजा बंद असताना किमान आयपी 44 लागतं. त्यात इंडस्ट्रियल सॉकेट आणि 30 मिलिअँपची आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) हवीच, तिचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघायला वायरमनला सांगा.

कव्हर घेणारच असाल तर आधी एकच मागवा, तुमच्या डीबीवर बसवून बघा, आणि रिपोर्ट हातात आल्याशिवाय बाकीची ऑर्डर देऊ नका.