सहाशे अठरा भागिले सहा, उत्तर तेरा

मालवणजवळच्या गावातला सातवीतला मुलगा गणिताच्या अडचणीसाठी आमच्याकडे आला, सोबत वडील आणि आजी. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वडिलांचं म्हणणं बऱ्याच पालकांचं असतं तेच होतं: "डोकं आहे, पण लक्ष नाही. रोज पंचवीस गणितं घालतो, तरी त्याच चुका." आजी मासळी विकते. सुट्टीत नातू तिच्या टोपलीपाशी बसतो, बांगड्यांच्या वाट्यांचे पैसे सांगतो, सुटे परत देतो. तिला वेगळंच कोडं पडलं होतं. "बाजारात माझ्या आधी तेचो हिशोब होता. मगे वहयेत काय जाता?"

वहीत काय होतं ते पाहायला आम्ही रफ वही मागवतो. पक्क्या वहीत फळ्यावरून उतरवलेली बरोबर उत्तरं असतात, त्यांतून काही कळत नाही. या मुलाच्या रफ वहीत तीन भागाकार चुकले होते. 618 ÷ 6 चं उत्तर 13, 4520 ÷ 5 चं 94 आणि 2436 ÷ 12 चं 23. बरोबर उत्तरं अनुक्रमे 103, 904 आणि 203. त्याच पानावर 735 ÷ 5 = 147 बिनचूक. म्हणजे पाढे येतात, पायऱ्याही येतात. चुकतं ते फक्त उत्तराच्या मधोमध शून्य असेल तेव्हा, आणि दर वेळी सारखंच. लक्ष नसलेल्या मुलाच्या चुका इतक्या शिस्तीत होत नाहीत.

मग त्याला एक गणित मोठ्याने बोलत सोडवायला सांगितलं. मध्ये टोकायचं नाही, मान डोलवायची नाही, एवढंच पथ्य वडिलांना दिलं. तो म्हणाला, "सहा एके सहा, बाकी शून्य. एक उतरवला. एकात सहा जात नाही, म्हणून आठ उतरवला. अठरा झाले. सहा त्रिक अठरा. तेरा."

"जात नाही, म्हणून पुढचा अंक घे." हा नियम त्याने मनाने काढलेला नाही. 245 ÷ 5 शिकताना नेमकं हेच सांगतात: दोनात पाच जात नाही, चोवीस घे. तिथे वर काहीच लिहायचं नसतं, आणि उत्तर 49 बरोबर येतं. सुरुवातीला बरोबर असलेला नियम मुलाने मध्येही लावला. मध्ये मात्र उत्तराची जागा आधीच उघडलेली असते, ती रिकामी सोडली की पुढचे अंक एक घर डावीकडे सरकतात. हा फरक कोणी वेगळा करून दाखवला नाही, तर मुलाला तो दिसायचं कारण नाही.

घरात आणखी एक भर पडत होती. वडील जुन्या रीतीने भागाकाराचं उत्तर उजव्या कंसात लिहायला लावत, शाळेत ते भाज्याच्या डोक्यावर लिहितात. उजवीकडे लिहिताना कुठला अंक कुठल्या स्थानाचा हे डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे शून्य गळालं तरी काही खटकत नाही. दोन्ही रीती बरोबरच आहेत, पण या मुलासाठी काही महिने वरचीच.

आता बाजार. त्याला विचारलं, सहाशे अठरा रुपये सहा जणांत वाटायचे, तर प्रत्येकाला किती? क्षणात उत्तर आलं: "शंभर शंभर, आणि वर तीन." समोर वहीतलं तेरा ठेवलं तर म्हणतो, "ते वहीतलं आहे ना." आजीच्या कोड्याचं उत्तर इथे आहे. तोंडी हिशोबात तो शंभराला शंभर म्हणूनच हाताळतो, वहीत तोच शंभर 'सहा एके सहा' होतो. ब्राझीलच्या रेसिफे शहरात फेरीवाल्या मुलांचा एक अभ्यास झाला, तो 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं पाचच, पण ठेल्यावर त्यांचे सुमारे 98 टक्के हिशोब बरोबर आले आणि तशीच आकडेमोड वस्तू-पैशांशिवाय, नुसत्या आकड्यांत कागदावर दिली तेव्हा सुमारे 37 टक्के. आपल्याकडे बंदरावर वाढलेल्या मुलाचं वेगळं काही होत नाही.

वजाबाकीतही असंच एक सूत्र सापडलं. 703 − 268 = 445, 500 − 137 = 373. बरोबर उत्तरं 435 आणि 363. दोन्हीकडे नेमके दहा जास्त. तो शतकातून एक काढून दशकाच्या शून्याचे दहा करतो, एककालाही दहा देतो, पण ते दहा दशकाकडून घेतले हे विसरतो. दशकाकडे नऊच उरायला हवेत. हे शब्दांत समजावण्यात वेळ घालवू नये. शंभराची नोट मोडून दहाच्या दहा नोटा घ्यायच्या, त्यातली एक मोडून एक-एकची दहा नाणी घ्यायची आणि हातात दहाच्या किती नोटा उरल्या ते मोजायचं. दोन दिवसांत ही चूक गेली.

भागाकाराला दोन आठवडे लागले. कागदाच्या खोट्या नोटा केल्या: शंभराच्या दहा, दहाच्या वीस, एकच्या वीस. 618 म्हणजे शंभराच्या सहा, दहाची एक, एकच्या आठ. वाटताना बोलायचं ते असं: सहा शतकं सहा जणांना, प्रत्येकी एक शतक. एक दशक सहा जणांना देता येत नाही, प्रत्येकी शून्य दशक. ते दशक मोडलं, दहा आणि आठ अठरा एकक, प्रत्येकी तीन. 'जात नाही' हे शब्द बाद केले, त्यांच्या जागी 'प्रत्येकी शून्य'. तोंडात शून्य आलं की हातात येतं.

वहीत चौकटीची पानं परत आणली. वरच्या वर्गात मुलं रेघी वहीवर जातात आणि अंकांच्या रांगा तिथूनच कलायला लागतात. एका चौकटीत एक अंक. भागाकार सुरू करण्याआधी उत्तर किती अंकी येईल ते ठरवून तितक्या चौकटींत वर बारीक टिंबं द्यायची: सहा शतकांत सहा जातात, म्हणजे उत्तर तीन अंकी, तीन टिंबं. एखादं टिंब उघडं राहिलं तर मुलगा स्वतःच थबकतो. शेवटी पडताळा: भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी. 13 × 6 = 78 हे त्याने स्वतः लिहिलं, तेव्हा तो हसला.

सराव रोज चार गणितांचा, पंधरा मिनिटं. दोन मधल्या शून्याची, एक शेवटच्या शून्याचं, एक बिनशून्याचं. सगळी शून्याचीच दिली तर मूल 'मध्ये शून्य टाकायचं' एवढंच शिकतं. शेवटचं शून्य ही निराळीच अडचण आहे. 840 ÷ 7 मध्ये चौदातून चौदा गेले, बाकी शून्य, की मुलाला वाटतं गणित संपलं आणि उत्तर 12 राहतं. तिथे विचारायचं, एककाचा अंक उतरवला का? पंचवीस गणितं बंद केली, कारण चुकीच्या नियमाने पंचवीस सोडवली तर तो नियम पंचवीसदा घोटला जातो. यावर वडील नाराज होते, ते साहजिक आहे.

पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला: आता 245 ÷ 5 चं उत्तर 049 लिहितो! हे बिघडणं नव्हे. प्रत्येकी शून्य शतक, हे खरंच आहे. टोकू नका, म्हटलं. आठवडाभरात ते पुढचं शून्य आपोआप सुटलं, मधलं टिकलं.

गुणाकारात त्याची घरं सरकत. 347 × 26 मध्ये दोनाने गुणताना तो 694 सहाच्या ओळीखाली सरळ लिही, म्हणून 2082 + 694 = 2776. दोन म्हणजे वीस, तिथे 6940 हवेत आणि बेरीज 9022. 'खाली फुली मार' असं नुसतं सांगून भागत नाही, फुली कशासाठी हे मूल विसरतं. फुलीच्या जागी शून्यच लिहायला लावावं. तरीही घोळ राहिला तर एक जुनी कोकणी वाट आहे. नांदगावचे (आजचा मुरूड तालुका) गणिती गणेश दैवज्ञ यांनी भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर 1545 मध्ये लिहिलेल्या टीकाग्रंथात कपाटसंधी नावाची रीत दिली आहे. वर 3, 4, 7 आणि बाजूला 2, 6 लिहून सहा चौकटी आखायच्या, प्रत्येकीत तिरपी रेघ. गुणाकाराचं दशक रेघेच्या वर, एकक खाली. वरच्या ओळीत 06, 08, 14, खालच्या ओळीत 18, 24, 42. मग उजव्या खालच्या कोपऱ्यापासून तिरप्या पट्ट्यांची बेरीज: 2, मग 12, दोन लिहून हातचा एक, मग हातच्यासह 20, शून्य लिहून हातचे दोन, मग हातच्यासह 9. उत्तर 9022. इथे घर सरकूच शकत नाही. रोजच्या वापराला ती लांब पडते, पण चूक कुठली हे मुलाला दाखवायला उत्तम.

अंकलेखनही आम्ही पाहतो. मराठीत सत्तेचाळीस म्हणताना सात आधी ऐकू येतो आणि काही मुलं 74 लिहितात. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा गदारोळ झाला, पण अडचण खरी आहे. या मुलाला ती नव्हती. सातवीतही 8 + 5 साठी बोटं लागत असतील, 47 मोठे की 74 हे ठरत नसेल, पैशांचे तोंडी हिशोबही कोलमडत असतील, वाचनही अडखळत असेल, तर मात्र चौकटी आणि नोटांवर विसंबू नये. अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. आणि त्याआधी डोळ्यांची.

वडिलांकडे एकच काम दिलं. "कसं चुकलं?" याऐवजी "इथे काय केलंस, सांग" एवढं विचारायचं आणि उत्तर संपेपर्यंत गप्प बसायचं. दुसरा भाग त्यांना पहिल्यापेक्षा जड गेला.

शेवटच्या भेटीत त्याला 6.3 ÷ 6 दिलं. दशांश अपूर्णांकात हीच चूक 1.5 असं रूप घेऊन येते. त्याने टिंबं दिली, "प्रत्येकी एक. तीन दशांश, प्रत्येकी शून्य," असं पुटपुटला, तीन दशांशांचे तीस शतांश केले आणि 1.05 लिहिलं. मग पडताळ्यासाठी वही न उघडता म्हणाला, "सहा रुपये तीस पैसे. एक रुपया पाच पैसे. बरोबर हा."