अठरा पूर्ण झाली, आता फॉर्म?

पोरी, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. बारावी झाली, गेल्या महिन्यात १८ पूर्ण झाली, आता जाहिरात निघाली की पोलीस भरतीचा फॉर्म भरायचाच, असं तू ठरवून बसलीस. तुझे बाबा फोनवर म्हणाले, "अजून स्वतःची उशी उचलत नाही, पोलीस कसली होते!" निवाडा माझ्याकडे आला.

नियमाचं आधी उरकतो. शिपाईपदाला बारावी पास, खुल्या प्रवर्गाला वय १८ ते २८, मागासवर्गीयांना ३३ पर्यंत. मुलींना उंची १५५ सेंटीमीटर, तुझी आहे. मैदानी ५० गुणांची: ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. मग १०० गुणांची लेखी. थेट फौजदार व्हायचं तर पदवी आणि एमपीएससी. म्हणजे कागदावर तू बसतेस. बाबांचं म्हणणं कागदाबाहेरचं आहे आणि ते अगदीच चूक नाही.

मी १९ व्या वर्षी भरती झालो. ट्रेनिंग संपवून पोलीस ठाण्यात लागलो तेव्हा मिसरूडही धड फुटलं नव्हतं. एका रात्री साडेअकराला एक बाई आली, मुलगी क्लासवरून घरी आली नाही म्हणून. अंगावर खाकी, त्यामुळे माझं तोंड सुटलेलं. म्हटलं, "मैत्रिणीकडे असेल, सकाळी या." आतून ठाणे अंमलदार, म्हणजे त्या रात्री ठाणं सांभाळणारे हवालदार, उठून आले. बाईला बसवलं, पाणी दिलं, मुलीच्या अंगावर कुठले कपडे होते ते विचारत डायरीत नोंद घेतली, वायरलेसवर कळवलं. पहाटे मुलगी एसटी स्टँडवर सापडली, सुखरूप. हवालदार मला रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "बाईच्या पायात काय होतं रे?"

मी बघितलंच नव्हतं. एका पायात तिची चपल होती, दुसऱ्यात नवऱ्याची.

असलं काही आपणहून दिसायला मला पुढं सात-आठ वर्षं लागली. पण ती ठाण्यात काढली म्हणून दिसलं. घरी बसून वय वाढवलं असतं तर दिसलं असतं असं नाही. माझ्या बॅचचे काहीजण पन्नाशीतही पहिल्या दिवसासारखेच हात उगारत होते. भरतीचं वय २१ करा म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. आपल्याकडं २१ पर्यंत थांबायची मुभा किती पोरींना मिळते? तोवर स्थळं बघून होतात.

तेव्हा फॉर्म भर, पण बी.ए.लाही नाव घाल. पहिल्या खेपेला नाही झालं तर आभाळ कोसळत नाही, २८ ला अजून दहा वर्षं आहेत. आणि एक कर, सुट्टीत आत्याच्या मेडिकलमध्ये रात्रीची बसत जा. घाबरलेला माणूस कसा बोलतो, उगाच का ओरडतो, ते ऐक. उद्या विसर्जनाच्या बंदोबस्तात बारा तास उभी राहिल्यावर कुणी पिऊन आईवरून शिवी देईल, तेव्हा हात काठीकडे जातो की नाही, हे मैदानीत कुणी मोजत नाही. न बघितलेलं बघितलं म्हणून लिही, असंही कधी सांगितलं जाईल. त्यावर काय करशील, ते मला पत्रात नको, समोर सांग.

४ किलोचा गोळा माझ्याकडे आहे, जरा गंजलाय. रविवारी सकाळी सहाला शाळेच्या मैदानावर ये. बाबांनाही घेऊन ये, नंतर चहा आमच्याकडे.

तुझा काका