घरी गाणं रेकॉर्ड करायला जुना लॅपटॉप (८ जीबी रॅम, हार्ड डिस्क) अपग्रेड करू की नवा घेऊ?

नवा घ्यायची घाई नको. आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी (तिच्यापेक्षा कितीतरी वेगवान डिस्क) टाका. माझ्या जुन्या लॅपटॉपवर प्रोजेक्ट उघडेपर्यंत चहा होऊन जायचा, एसएसडीनंतर ती सोय गेली. मग रॅम १६ जीबी करा. पण ती मदरबोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे बदलता न येणारी, नाही ना, हे आधी बघून घ्या, नाहीतर पैसे देऊन मोकळे व्हाल.

नुसता आवाज, पेटी, तबला रेकॉर्ड करायचा तर प्रोसेसरवर फारसा ताण येत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला जेमतेम ८.६ एमबी खातो. खरी दमछाक होते ती व्हर्च्युअल वाद्यं (कॉम्प्युटरच वाजवतो ती) आणि रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) चढवल्यावर. तेव्हा ते ट्रॅक फ्रीझ करायचे, म्हणजे तात्पुरते साध्या ऑडिओत बदलून ठेवायचे.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो, ही तक्रार मात्र बहुतेक वेळा कॉम्प्युटरची नसतेच. यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) घ्या, विंडोज असेल तर त्या इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) टाका. गाताना बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे किती नमुने हाताळतो तो आकडा) १२८ ठेवा (४८ किलोहर्ट्झला एका बफरचे साधारण २.७ मिलिसेकंद), मिक्सिंगला १०२४. तरी कटकट वाटली तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण दाबा, माइकचा आवाज थेट हेडफोनमध्ये जातो, कॉम्प्युटर मधे येतच नाही.

आणि हो, पंख्याचा आवाज! माइकपासून लॅपटॉप लांब ठेवा. माझ्या एका आलापात तो तानपुऱ्यासारखा घुमतोय, फक्त बेसूर.