वॉकर आडनावाचे पूर्वज शोधताय? आधी एवढंच करा

वॉकर म्हणजे रस्त्याने चालणारा असं सगळ्यांना वाटतं, खरं तर विणलेलं लोकरी कापड ओलं करून पायांनी तुडवत घट्ट करायचा तो वॉकर, आणि हेच काम करणारा इंग्लंडच्या नैर्ऋत्येला टकर, आग्नेयेला फुलर, उत्तरेकडे वॉकर, म्हणजे आडनावावरून मुलूखसुद्धा कळतो, मला हे फार आवडतं!

नवीन लोक दोन चुका हमखास करतात:
- सगळे वॉकर एकाच घराण्यातले समजतात. अहो, धंद्यावरून गावोगावी वेगवेगळं पडलेलं नाव आहे, म्हणून तर इतकं कॉमन.
- आडनावाचं कुलचिन्ह (ढालीवरचं चिन्ह, coat of arms) विकत घेतात. ते माणसाला मिळतं, आडनावाला नाही.

घरच्या माहितीवरून मागे जात ब्रिटनची 1881 ची जनगणना गाठा, मग चर्चची रजिस्टरं (बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी), ती इंग्लंडमध्ये 1538 पासून सुरू झाली. डीएनए चाचणी सध्या राहू द्या, अडलात की बिनधास्त विचारा.