तळमजल्यावरचा खोकला

“घर पुसून घेते, पाणी उकळून देते, तरी माझ्याच पोरीला सारखा खोकला का?” गोवंडीतल्या पुनर्वसन वसाहतीत तळमजल्यावर राहणाऱ्या आईचा हा प्रश्न. मुलगी चार वर्षांची, वजन 12 किलो. तीन महिने अंगणवाडीतला काटा तिथंच अडकलेला. सासूबाईंचं म्हणणं एकच: आईचं लक्ष नाही.

लक्ष होतं, हवा नव्हती. नटवर पारेख कंपाउंडसारख्या वसाहतींत दोन इमारतींमध्ये जेमतेम 3 मीटरची फट. खाली ऊन पोचत नाही. वरून कचरा पडतो, म्हणून खिडकी कायमची बंद. क्षयाचे जंतू उन्हात मरतात, वाऱ्याने पांगतात. कोंदट खोलीत मात्र तासन्‌तास तरंगतात. अशा वसाहतींच्या पाहणीतही खालच्या मजल्यांवर क्षय जास्त आढळला आहे.

बोलता बोलता कळलं, आजोबांना दोन महिन्यांपूर्वी क्षयाची औषधं सुरू झाली होती. लोक काय म्हणतील, म्हणून घरात गुपचूप. खरी गाठ इथं होती.

घरात फुप्फुसाचा क्षयरुग्ण असेल तर पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाची तपासणी करायचीच, खोकला असो वा नसो. लहान मुलं बेडका थुंकत नाहीत, गिळतात. म्हणून सकाळी उपाशीपोटी नळीने पोटातलं पाणी काढतात, जोडीला छातीचा एक्स-रे. मुलांपासून क्षय सहसा पसरत नाही, हे सासूबाईंसमोर मुद्दाम सांगितलं.

या मुलीला क्षय निघाला नाही. पुढे क्षय होऊ नये म्हणून आयसोनियाझिड हे प्रतिबंधक औषध सुरू झालं: किलोमागे 10 मिलिग्रॅम, रोज, सहा महिने. घोळ होतो तो बहुतेक दुसऱ्या महिन्यात; पोर खेळतंय, मग गोळी कशाला? म्हणून डबीवर तारखा लिहून दिल्या. सारख्या उलट्या झाल्या, जेवण तुटलं किंवा डोळे पिवळे दिसले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

घरात दोनच बदल सुचवले. आजोबांचं अंथरूण दाराजवळ, मुलीचं वेगळं. मच्छर अगरबत्तीऐवजी मच्छरदाणी. धुराने खोकला वाढतो. खिडकीला बारीक जाळी लावा असंही सांगता येतं, पण फटीत कचरा साचत राहिला तर खिडकी उघडणार कोण? त्यासाठी तळमजल्यावरच्या सगळ्या घरांनी सह्या करून, फोटो जोडून, सोसायटीला आणि पालिकेच्या वॉर्ड ऑफिसला अर्ज द्यावा, आणि शिक्का मारलेली पोच मागून घ्यावी. तोंडी तक्रारीला पुढच्या आठवड्यात कुणी ओळखत नाही.