परवाना हातात आला, आता पिस्तूल कोणतं?

घरातलं पिस्तूल, नेमबाजीच्या रेंजवरचा सराव आणि परवान्याच्या भानगडी याबद्दल कोल्हापूर जिल्ह्यातून आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : परवाना मंजूर झालाय. बजेट बेताचं आहे. घराच्या संरक्षणाला आणि रविवारी रेंजवर सरावाला, दोन्हींना चालेल असं एकच सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल हवंय. ९ एमएम मिळेल का? नाहीतर दुसरं काय? (राजारामपुरी)

९ एमएमचा नाद सोडा. ते काडतूस आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास) येतं, साध्या परवान्यावर मिळत नाही. तुमच्यासाठी उरतं .३२ बोअर, म्हणजेच ७.६५ एमएम. त्यातली वॉल्थर, ब्राउनिंग, वेब्ली ही परदेशी पिस्तुलं १९८०च्या दशकापासून खाजगी लोकांसाठी येणं थांबलं. जी आधी आली तीच एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे फिरत असतात. त्यामुळे त्यांची किंमत लाखांत जाते आणि त्यातला मोठा वाटा नळीवर कोरलेल्या नावाचा असतो. परवडणारं म्हणाल तर सरकारी कारखान्याचं ‘अशनी’. २०२१मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून कंपन्या झाल्या, तेव्हापासून हे कारखाने ‘ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’ या कंपनीत आहेत.

अशनीचं फिनिशिंग ओबडधोबड असतं, ट्रिगर जड आणि माशी (नेम धरायचा नळीवरचा उंचवटा) बारीक. पण नवं पिस्तूल, पक्कं बिल आणि कोणीही ‘दुरुस्त’ न केलेले भाग या तीन गोष्टी जुन्या परदेशी नावापेक्षा मोलाच्या आहेत. यंत्रणा साधी ब्लोबॅकची, म्हणजे गोळी सुटताना नळीमागे कुलूप असं काही नसतं. स्लाइडचं, म्हणजे वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाचं, वजन आणि तिला पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग एवढंच स्लाइडला रोखून धरतं. मोडण्यासारखं त्यात फार नसतं. झटका मात्र .३२च्या मानाने तिखट लागतो, आणि पकड उंच गेली तर अंगठ्यामागची कातडी स्लाइडखाली सोलली जाते. दुसऱ्या हाताचा अंगठा स्लाइडच्या मागे कधीच येऊ देऊ नका.

घरासाठी हे पिस्तूल पुरेसं आहे. रेंजसाठी जेमतेम. त्यावर हात बसेल, पण गुण मिळवायचे असतील तर ते हत्यार वेगळं. शिवाय स्वतःचं संरक्षणाचं पिस्तूल प्रत्येक क्लब आपल्या रेंजवर चालवू देतोच असं नाही, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

काडतुसं घेताना एक घोटाळा हमखास होतो. ‘.३२’ एवढंच सांगितलं तर दुकानदार रिव्हॉल्व्हरची काढून देऊ शकतो. ती लांब आणि रुंद कडेची असतात, पिस्तुलाच्या मॅगझीनमध्ये (मुठीतल्या काडतुसांच्या पेटीत) बसतच नाहीत. डब्यावर ‘पिस्तूल’ किंवा ‘७.६५’ लिहिलेलं पाहूनच पैसे द्या.

आणि ‘स्वस्तात’ या शब्दावर कोणी गावठी पिस्तूल सुचवलं तर त्याच्याशी बोलणंही नको. विनापरवाना हत्यार बाळगल्याबद्दल शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षांची कैद आहे, आणि तसली नळी कधी हातातच फुटेल याचा भरवसा नाही.

प्रश्न : ओळखीतले एक गृहस्थ त्यांचं जुनं .३२ पिस्तूल विकताहेत. ‘फारसं चाललेलंच नाही’ म्हणतात. काय बघून घ्यावं? (इचलकरंजी)

‘फारसं चाललेलं नाही’ याचा अर्थ बऱ्याचदा ‘पंधरा वर्षं चामड्याच्या कव्हरात कपाटात पडून आहे’ असा निघतो, आणि चामड्यात ठेवलेलं पिस्तूल चाललेल्यापेक्षा वाईट असतं. चामडं दमट हवेतलं पाणी धरतं आणि त्यातली रसायनं पोलाद खातात. तेव्हा पहिली नजर ग्रिपच्या पट्ट्यांखाली आणि स्लाइडच्या खालच्या कडेला. तांबडी पूड बोटाने पुसली जात असेल तर चालेल. खड्डे पडले असतील तर किंमत पाडून मागा, आणि खड्डे नळीच्या आत असतील तर व्यवहारच सोडा.

आधी मॅगझीन काढा. मग स्लाइड पूर्ण मागे ओढून चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघा आणि करंगळीने चाचपा. क्रम उलटा करू नका : स्लाइड आधी ओढून मग मॅगझीन काढलं, तर स्लाइड पुढे जाताना वरचं काडतूस चेंबरमध्ये गेलेलं असतं. मालकाने ‘रिकामंच आहे’ म्हटलं तरी हे करायचंच.

नळीच्या मागच्या तोंडाशी पांढरा कागद धरून पुढून उजेडात बघा. नळीतले पेचदार आटे धारदार दिसले पाहिजेत. मध्येच एक काळसर वर्तुळ दिसलं तर तिथे नळी फुगलेली आहे : एखादी गोळी आत अडकली असताना मागून दुसरी झाडलेली असणार. अशा पिस्तुलाला मोल नाही.

मग सेफ्टी. रिकाम्या नळीत रबर मागच्या बाजूला येईल अशी पेन्सिल सोडा, तोंड वर करून सेफ्टी लावा आणि ट्रिगर दाबा. पेन्सिल हलता कामा नये. बोट काढून सेफ्टी उघडा. ट्रिगरला हात न लावता पेन्सिल उडाली तर सेफ्टी झिजलेली आहे. नंतर ट्रिगर ओढल्यावर ती टणकन उडाली पाहिजे. नुसती थरथरली, तर फायरिंग पिनची (काडतुसावर ठोका देणाऱ्या सुईची) स्प्रिंग मेलेली आहे किंवा आत वंगण गोठलेलं आहे.

पुढची चाचणी बहुतेक जण विसरतात. ट्रिगर दाबून धरा, तसाच धरून स्लाइड मागे ओढून सोडा. आतून हॅमर पडल्याचा आवाज येता कामा नये. ट्रिगर सोडून पुन्हा दाबल्यावरच पडला पाहिजे. इथे चूक असेल तर ते पिस्तूल एका दाबात दोन-तीन गोळ्या झाडू शकतं. असलं हत्यार फुकटातही घेऊ नका.

रिकॉइल स्प्रिंग ब्लोबॅक पिस्तुलाचा जीव. ती मऊ पडली की स्लाइड फ्रेमवर आदळत राहते. स्लाइड उतरवून फ्रेमची आदळणारी जागा भिंगाने बघा, तिथे चेपल्याच्या खुणा किंवा केसासारखी भेग दिसेल. भेग दिसली की नमस्कार. नुसती स्प्रिंग मऊ असेल तर ती परवानाधारक शस्त्रकारागिराकडून त्याच मॉडेलची बसवून घ्या. पेनाची किंवा दुसऱ्या कुठल्या पिस्तुलाची कापून नव्हे.

मॅगझीनचे ओठ (काडतुसं धरणाऱ्या वरच्या वळवलेल्या कडा) दोन्ही बाजूंना सारखे आणि चिरा नसलेले हवेत. जुन्या परदेशी पिस्तुलाचं मॅगझीन मिळवणं पिस्तुलापेक्षा अवघड, म्हणून एकच मॅगझीन आणि तेही वाकलेलं असेल तर व्यवहार परवडत नाही.

सगळं जमलं तर मालकाच्या देखत रेंजवर किमान ४० गोळ्या, प्रत्येक मॅगझीनमधून सारख्या वाटून. घरासाठीचं पिस्तूल १० मीटरवर पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत देत असेल तर नेम पुरेसा आहे. त्याहून बारीक घोळका मागू नका, पण ४० पैकी एकही अडखळ विनाकारण झाली तर कारण कळेपर्यंत पैसे देऊ नका.

कागदांचं : पिस्तुलावरचा क्रमांक आणि परवान्यावरचा क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवा. विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस गेले पाहिजेत, त्याआधी हत्यार हातात घेऊन घरी आणणं दोघांनाही महागात पडेल.

प्रश्न : माझं .३२ पिस्तूल रेंजवर दर दोन-तीन मॅगझीनला एकदा अडकतं. कधी काडतूस तिरकं, कधी पुंगळी (झाडलेल्या काडतुसाचं रिकामं कवच) चिमणीसारखी उभी. दुकानदार म्हणतो स्प्रिंग बदला. (गडहिंग्लज)

दोन वेगवेगळे आजार आहेत, एकच औषध नको. .३२च्या काडतुसाला बुडाशी किंचित बाहेर आलेली कड असते. मॅगझीन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि स्लाइड कितीही ओढली तरी वरचं पुढे सरकत नाही. उपाय भरण्यातच आहे : प्रत्येक काडतूस आत ढकलताना त्याची कड खालच्याच्या कडेपुढेच राहील हे बघा आणि भरलेलं मॅगझीन पाठीच्या बाजूने तळहातावर ठोकू नका. लोक ‘बसावं’ म्हणून असं ठोकतात, आणि काडतुसं तिथेच मागेपुढे सरकतात. टोकाला खळगा असलेली आखूड काडतुसं हा त्रास वाढवतात, कारण त्यांना आत सरकायला जागा राहते. गोल टोकाची पूर्ण तांब्याच्या कवचाची वापरा.

उभी राहणारी पुंगळी हा बाहेर फेकण्याचा दोष. एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या) नखाखाली साचलेली काजळी दातकोरणीने काढा, मनगट घट्ट ठेवा. ढिल्या मनगटाने पिस्तूलच मागे जातं आणि स्लाइडला पूर्ण फेरी मारायला जोर उरत नाही. नखावर नख फिरवून बघा, धार गेली असेल तरच बदला. मॅगझीनवर रंगाने १, २ लिहून ठेवा. अडखळ नेहमी एकाच क्रमांकावर येत असेल तर पिस्तूल निर्दोष आहे.

एखादी गोळी ‘फुस्स’ अशी बारीक वाजली तर ताबडतोब थांबा. ती नळीतच असू शकते. पिस्तूल रिकामं करून, मागून उजेड दिसतो का बघितल्याशिवाय पुढची झाडायची नाही.

प्रश्न : पावसाळ्यात इथे सगळ्याला बुरशी येते. पिस्तुलाला खोबरेल चालतं का? (गगनबावडा)

नाही. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, आणि तुमच्याकडे आषाढातल्या पहाटेही तेवढा गारवा असतो. फायरिंग पिनच्या भोकात थिजलेलं तेल म्हणजे काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोपीवर पडणारा अर्धवट ठोका. शेंगतेल त्याहून वाईट, ते चिकट होऊन डिंकासारखं बसतं. शिलाई मशीनचं पातळ तेल किंवा बंदुकीचं तेल घ्या. नळी शक्य तिथे मागून पुढे ब्रश करा, कापड पांढरं निघेपर्यंत पुसा, मग तेलाचा हलका हात. रॉकेलने धुतलंच तर नंतर तेल लावायला विसरू नका, नुसतं रॉकेल उडून जातं आणि पोलाद उघडं पडतं. फायरिंग पिनच्या नळीत तेल ओतू नका. काडतुसांना तर तेलाचा हातही नको : तेल टोपीत झिरपलं की ती मरते.

जून ते सप्टेंबर दर आठ-दहा दिवसांनी बघा. पिस्तूल चामड्यात नाही, सुती कापडात, सिलिका जेलच्या पुडीबरोबर, कुलूपबंद लोखंडी पेटीत.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. दुधाळीच्या रेंजवर नेमबाजी सुरू करायचीय. माझ्याच पिस्तुलावर शिकवू का? (शिवाजी पेठ)

मुळीच नको. परवाना तुमच्या नावाचा आहे, तिच्या नाही, आणि .३२च्या आवाज-झटक्याने नवशिक्याला डोळे मिटायची सवय लागते, जी पुढे सुटत नाही. सुरुवात १० मीटर एअर पिस्तूलने. .१७७ कॅलिबर आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही. स्पर्धेत ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा, ६० शॉट ७५ मिनिटांत, आणि दहा गुणांचं वर्तुळ अवघं ११.५ मिलिमीटरचं. राही सरनोबतने २०१८च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्ण घेतलं ते २५ मीटर पिस्तूलमध्ये, तिथे .२२चं हत्यार लागतं. ते नंतर, क्लबच्या हत्यारावर.

पहिले सहा महिने क्लबचंच पिस्तूल वापरू द्या. जुनं एअर पिस्तूल घेणार असाल तर हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी बघा. बहुतेक कंपन्या १० वर्षांची मुदत देतात. २०० बारचा दाब धरणाऱ्या मुदतबाह्य सिलिंडरसह स्वस्तात मिळालेलं पिस्तूल स्वस्त राहत नाही, नवा सिलिंडर मोठा खर्च काढतो. आणि छरे शिशाचे असतात : रेंजवरून आल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय डब्याला हात नाही.

प्रश्न : शेतातल्या घरात राहतो. रात्री चोर, पहाटे गवे. पिस्तुलाने दोन्हींचा बंदोबस्त होईल? (राधानगरी तालुका)

गव्याचं आधी. तो वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, आणि .३२ने जखमी झालेला गवा तुमच्याच अंगावर येईल. वनखात्याला कळवा. पिकासाठी कायद्यात ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे, पिस्तुलाची नाही.

चोरांचं : भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतल्या घरफोडीत तो प्राण जाण्यापर्यंत वाढू शकतो (कलम ४१). पण कलम ३७ सांगतं, गरजेपेक्षा जास्त इजा नको, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्कच नाही. पळणाऱ्याच्या पाठीत मारलेली गोळी यात बसत नाही. .३२ची गोळी प्लायवूडचं दार आणि पत्रा सहज पार करते, पलीकडे म्हातारी माणसं झोपली आहेत का, याचा हिशोब तुम्ही दिवसा करून ठेवायचा. एक जाड दाराची कडी, अंगणात सेन्सरचा दिवा आणि ११२ हे तिन्ही पिस्तुलाआधी.

प्रश्न : आण्णा वारले. त्यांच्या नावचं पिस्तूल घरात आहे. निवडणुकीत जमा करा म्हणून नोटीसही आलीय. (कागल)

नोटीस आण्णांच्या नावाची असली तरी पिस्तूल आजच जमा करा, निवडणुकीची वाट बघू नका. परवाना त्यांच्याबरोबर संपला, आता ते तुमच्या घरात विनापरवाना आहे. पोलीस ठाणे किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेता, दोन्ही चालतात. तिथून वारस म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. शस्त्र नियम २०१६मध्ये वारसांसाठी वेगळी सोय आहे. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना आणि बाकीच्या वारसांची लेखी हरकत नसल्याची पत्रं आधीच जोडून ठेवा, म्हणजे फेऱ्या वाचतील.

जमा करण्याआधी रिकामं करून तेलाचा हात द्या, ठाण्याच्या कपाटात ते महिनोन्‌महिने पडेल. पावतीवर क्रमांक, मॅगझीन किती आणि काडतुसं किती, हे वेगवेगळं लिहून घ्या.